विजेचा धक्का आणि मनुष्यदेह

गेल्या महिन्यांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात: "पावसाळा सुरू झाला कीं आमच्या घरांत कधीं कपडे धुण्याच्या यंत्रास, कधीं न्हाणीघरांतील नळास हात लावतांच झिणझिण्या येतात. घरांतील पुरुषमंडळी ती गोष्ट हंसण्यावारी नेतात. 'एवढ्यानें कोणी मरत नाहीं,' असें त्यांचें म्हणणें. उलट, विजेच्या धक्क्यानें माणसें दगावल्याच्या वार्ता तर दर पावसाळ्यांत येतातच. एकाच विजेनें एकास झिणझिण्या याव्या आणि दुसऱ्याचा प्राण जावा, हा दैवाचा खेळ समजावा कीं यांत कांहीं नियम आहे?"

प्रश्न मार्मिक आहे. यांत नियम आहे, आणि तो एकदां कळला म्हणजे त्या झिणझिण्यांकडे कोणी हंसण्यावारी पाहणार नाहीं. शिवाय धक्का बसलेल्या माणसास वांचविण्याचे उपायहि याच नियमांतून निघतात. म्हणून तो घरांतील लहानथोर सर्वांनीं समजून घेण्यासारखा आहे.

'वीज' हा शब्द संस्कृत 'विद्युत्' शब्दापासून आला. द्युत् म्हणजे प्रकाशणें. त्या धातूला 'वि' हा उपसर्ग लागून हा शब्द बनला, तेव्हां विशेष चमकणारी ती विद्युत्. आकाशांतील विजेस हें नांव शोभतें. घरांतील तारेंतून वाहणारी वीज मात्र चमकत नाहीं. तिला रंग नाहीं, गंध नाहीं, आवाज नाहीं. साप निदान दृष्टीस पडतो, विस्तवाची धग दुरून लागते; पण विजेनें भारलेला नळ आणि साधा नळ यांत डोळ्यांना कांहींच भेद दिसत नाहीं. जी गोष्ट इंद्रियांना कळत नाहीं ती बुद्धीनेंच ओळखावी लागते.

प्रथम हें पाहूं कीं परकी वीज देहांत शिरून करते तरी काय. आपला देह स्वतःच एका परीनें विजेवर चालतो. इटलींतील बोलोन्या नगरीचा लुईजी गाल्वानी हा शरीरशास्त्राचा पंडित. मेलेल्या बेडकाच्या तंगडींतील मज्जातंतूस विजेचा स्पर्श होतांच ती तंगडी झटक्यानें हलते, हें त्यानें पाहिलें आणि आपले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या संशोधनानें हें निश्चित झालें कीं मेंदूनें 'हात उचल' म्हटलें म्हणजे ती आज्ञा विजेच्या सूक्ष्म स्पंदाच्या रूपानें मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत जाते. हा स्पंद किती लहान? एका व्होल्टाच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढा. हृदयाचा ठोकाहि असाच पडतो. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो मिनिटास सुमारें सत्तर वेळां असे स्पंद सोडतो आणि सारें हृदय त्या तालावर आकुंचन पावतें. डॉक्टर छातीस तारा लावून कागदावर जो आलेख काढतात तो याच विजेचा. हॉलंडमधील विलेम आइन्थोव्हेन यास या कार्याबद्दल १९२४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां अशा या नाजूक व्यवस्थेंत घरच्या तारेंतील २३० व्होल्टांची वीज घुसली म्हणजे काय होईल? आज्ञा मेंदूची आहे कीं परक्याची, हें स्नायूंना ओळखतां येत नाहीं. धन्याच्या आवाजाची नक्कल करून कोणी गड्याला हुकूम सोडावे आणि गड्यानें ते निमूटपणें पाळावे, तसा हा प्रकार होतो. घरांतील वीज सेकंदास पन्नास वेळां उलटसुलट वाहते, म्हणजे हुकुमांचा एकसारखा भडिमार होतो. स्नायूला सैल पडण्यास सवडच मिळत नाहीं, तो आंवळून राहतो. हाताची मूठ मिटणारे स्नायु मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षां बळकट असल्यामुळें तार हातांत असेल तर मूठ तिच्याभोंवतीं घट्ट मिटते. "वीज माणसाला ओढून धरते" असें लोक म्हणतात. वस्तुतः वीज कोणास ओढीत नाहीं. माणसाचा स्वतःचाच हात तिला सोडीत नाहीं. तसेंच "विजेनें दूर फेकून दिलें" असें म्हणतात, तेव्हां फेकणारे त्याच्याच पायांचे व पाठीचे स्नायु असतात.

आतां भगिनींच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. विजेच्या बाबतींत तीन गोष्टींचा मेळ पाहावा लागतो: दाब, अडथळा आणि प्रवाह. गच्चीवरची टाकी उंच आहे, त्यामुळें पाण्यास दाब येतो. तोटी जितकी आंवळलेली, तितका अडथळा. आणि खालच्या बादलींत मिनिटास जेवढें पाणी पडतें तो प्रवाह. विजेचा दाब व्होल्टांत, अडथळा ओहमांत आणि प्रवाह अँपिअरांत मोजतात. दाबास अडथळ्यानें भागलें कीं प्रवाह निघतो. जर्मनींतील गेओर्ग ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तो हाच. देहास जी इजा होते ती प्रवाहानें होते. दाब हा केवळ त्या प्रवाहास पुढें ढकलणारा. मनुष्यदेहाच्या बाबतींत अँपिअर हें माप फार मोठें पडतें, म्हणून त्याचा हजारावा हिस्सा, म्हणजे मिलिअँपिअर, आपण वापरूं.

घरांतील दाब तर ठरलेला, २३० व्होल्ट. मग फरक पडतो तो अडथळ्यामुळें. देहाच्या आंत रक्त व इतर रस म्हणजे एका दृष्टीनें खारट पाणीच; तेथें विजेला अडथळा थोडा, कांहीं शें ओहमच. खरी भिंत कातडीची. कोरड्या, जाड, घट्टे पडलेल्या कातडीचा अडथळा एक लाख ओहमपर्यंत असूं शकतो. तीच कातडी पाण्यानें किंवा घामानें भिजली म्हणजे साऱ्या देहाचा मिळून अडथळा एक हजार ओहमच्या आसपास उतरतो. त्रैराशिकाचीहि गरज नाहीं, साधा भागाकार करावा. २३० भागिले एक लाख म्हणजे सुमारें २.३ मिलिअँपिअर, २३० भागिले एक हजार म्हणजे २३० मिलिअँपिअर. तीच तार, तोच दाब, तोच माणूस. पण हात ओला होतांच प्रवाह शंभरपट! शिवाय स्पर्श चालूं राहिला तर कातडीची ही भिंत हळूहळू ढासळत जाते, आणि आरंभीं थोडा असलेला प्रवाह पुढें वाढतो.

दुसरी गोष्ट, विजेला आंत शिरण्यास जशी वाट लागते तशी बाहेर पडण्यासहि लागते. उघड्या तारेवर चिमणी सुखानें बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. तिच्या देहांतून दुसरीकडे जाण्यास विजेला कारणच नसतें. माणूस मात्र जमिनीवर उभा असतो. कोरड्या लांकडी पाटावर किंवा जाड रबरी तळाच्या जोड्यांत उभा असेल तर बाहेरची वाट बहुतांशीं बंद असते. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर अनवाणी उभा असेल तर ती सताड उघडी.

किती प्रवाहानें काय होतें, हेंहि मोजून पाहिलेलें आहे. अमेरिकेंत बर्कली येथील विद्यापीठांत चार्ल्स डॅल्झील नांवाच्या विद्युत्-अभियंत्यानें विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्वेच्छेनें पुढें आलेल्या स्त्रीपुरुषांवर प्रयोग केले. हातांत तार धरावयास देऊन प्रवाह हळूहळू वाढवावयाचा आणि कोठपर्यंत माणूस आपल्या इच्छेनें ती सोडूं शकतो तें पाहावयाचें. पुरुषांच्या बाबतींत ही मर्यादा सरासरीनें सुमारें १६ मिलिअँपिअर, तर स्त्रियांच्या बाबतींत सुमारें साडेदहा भरली. मुलांच्या बाबतींत ती याहूनहि कमी धरतात. साधारण पायऱ्या अशा: एका मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या कळतात, पांचाच्या सुमारास झटका दुखतो व माणूस दचकतो, दहा ते सोळापर्यंत मूठ सुटेनाशी होते, वीस-तीसच्या पुढें छातीचे स्नायु आंवळून श्वास कोंडूं लागतो, आणि पन्नास ते शंभर मिलिअँपिअर एक-दोन सेकंद छातींतून गेले कीं हृदयास धोका उत्पन्न होतो. कोणत्याहि दोन देहांत थोडाफार फरक असावयाचाच; पण पायऱ्यांचा क्रम हाच.

आतां भगिनींच्या घरच्या झिणझिण्यांचा अर्थ लागेल. त्या वेळीं त्यांच्या देहांतून एक-दोन मिलिअँपिअर जात असतील. यंत्रांतील बिघाड किरकोळ आहे म्हणूनच प्रवाह थोडा, असें मात्र कोणी समजूं नये. बहुधा हात कोरडा आहे किंवा पायांत वहाण आहे म्हणून तो थोडा आहे. उद्यां त्याच यंत्रास घरांतील एखादें मूल ओल्या अंगानें, अनवाणी पायांनीं शिवलें तर हिशेब बदलेल. झिणझिणी ही विजेनें दिलेली आगाऊ सूचना आहे. ती मिळतांच त्या वस्तूचा वापर बंद करून जाणत्या तारकाम्यास बोलवावें. 'एवढ्यानें कोणी मरत नाहीं' हें वाक्य घरांतून कायमचें हद्दपार करावें.

हृदयाविषयीं थोडें अधिक सांगणें अवश्य आहे, कारण घरांतील विजेनें येणारा मृत्यु बहुधा याच वाटेनें येतो. हृदयाचा प्रत्येक ठोका संपतां संपतां एक अत्यंत नाजूक क्षण येतो. त्या वेळीं हृदयाचे कांहीं तंतु पुढच्या ठोक्यास सिद्ध झालेले असतात, कांहीं अजून व्हावयाचे असतात. नेमक्या त्या क्षणीं परका झटका आला तर ताल बिघडतो. सारे तंतु आपापल्या परीनें वेगवेगळे थरथरूं लागतात. वादकांनीं भरलेल्या मंडपांत ताल धरणारा मूर्च्छित पडावा आणि प्रत्येकानें वाटेल तसें वाजवीत सुटावें, तशी स्थिति होते. हृदय हलत असतें, पण रक्त पुढें ढकलीत नाहीं. नाडी लागत नाहीं, कांहीं सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूस कायमची इजा होऊं लागते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, वाटेचें महत्त्व. प्रवाह एका हातांतून दुसऱ्या हातांत किंवा हातांतून पायांत गेला तर छाती वाटेंत येते. एकाच हाताच्या दोन बोटांमधून गेला तर बोटें भाजतात, पण हृदय बहुधा सुटतें. दुसरी, वेळेचें महत्त्व. झटका ठोक्याच्या एका लहानशा अंशापुरताच टिकला तर तो नाजूक क्षण हुकण्याची आशा असते. पण एक-दोन सेकंद स्पर्श राहिला कीं प्रत्येक ठोक्याचा तो क्षण विजेच्या तडाख्यांत सांपडतोच. म्हणून मुठीचें न सुटणें इतकें घातक.

उच्च दाबाच्या विजेची तऱ्हा याहून निराळी आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांवरची तार १९२५ सालीं १,५०० व्होल्टांची होती. आज ती २५,००० व्होल्टांची आहे. अशा तारेला प्रत्यक्ष हात लावण्याचीहि गरज नसते. पुरेसें जवळ गेल्यास वीज हवेंतून उडी घेते. गाडीच्या टपावर चढणारीं तरुण मुलें बळी पडतात तीं अशींच. येथें हृदयाबरोबरच सारा देह आंतून भाजून निघतो. वर कातडीवर प्रवेशाची व निर्गमनाची अशा दोन लहान खुणा दिसाव्या आणि आंत मांसपेशी शिजून गेलेल्या असाव्या, असें घडतें. मेलेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तांत उतरून मूत्रपिंडें तुंबवितें. लघवी तांबूसकाळी होणें ही त्याची खूण. प्रवाह डोक्यांतून गेला असेल तर कांहीं महिन्यांनीं मोतीबिंदूहि होऊं शकतो. म्हणून विजेचा भाजल्याचा डाग वरून केवढा दिसतो यावरून इजेचें माप घेऊं नये. लहान मुलें कधीं कधीं चालू तार चावतात. त्यांचे ओंठ भाजतात, वर खपली धरते, आणि पांच ते चौदा दिवसांनीं ती खपली सुटतांना एकाएकीं जोराचा रक्तस्राव होतो. अशा मुलास पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवून पुढील पंधरवडाभर डोळ्यांत तेल घालून जपावें.

"आमच्या घरीं फ्यूज आहे, मग भीति कसली?" असें अनेकजण विचारतात. फ्यूज, अथवा आतां त्याच्या जागीं आलेला आपोआप पडणारा खटका, हा तारांचें रक्षण करण्यासाठीं असतो, माणसाचें नव्हे. पांच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पांच हजार मिलिअँपिअरपर्यंत तो मुकाट्यानें वाहूं देणार. आणि हृदयास तर शंभर पुरेत! माणसाच्या रक्षणासाठीं निराळें उपकरण आहे. त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात, जुन्या नांवानें ई.एल.सी.बी. म्हणूनहि तें ओळखलें जातें. एका तारेनें घरांत गेलेली वीज दुसऱ्या तारेनें पुरती परत येते कीं नाहीं, याचा जमाखर्च तें क्षणोक्षणीं ठेवतें. कोणाच्या देहांतून जमिनीकडे तीस मिलिअँपिअर गळती झाली तरी हिशेबांत तूट दिसतांच तें सेकंदाच्या लहानशा अंशांत वीज तोडतें. घरगुती वापराच्या अशा उपकरणाचें श्रेय वर सांगितलेल्या डॅल्झील यांनाच देतात. त्यांनीं तें १९६१ सालीं सिद्ध केलें. प्रयोगांतून मिळालेले आंकडे लोकांचे प्राण वांचविण्याच्या कामीं लावले, हें त्या विद्वानाचें खरें पांडित्य. या उपकरणावर परीक्षेचें एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून वीज तुटते कीं नाहीं हें पाहावें. मात्र दोन्ही तारांना एकदम दोन हात लागले आणि पायांखालीं कोरडा पाट असला, तर गळती जमिनीकडे होत नसल्यामुळें या उपकरणास तूट दिसणार नाहीं. म्हणून त्याच्या भरंवशावर वाटेल तें साहस करूं नये.

दुसरें रक्षण अर्थिंगचें. तीन दांड्यांच्या प्लगांतील तिसरी, जाड व लांब दांडी यंत्राचें धातूचें अंग जमिनीशीं जोडते, म्हणजे आंतील बिघाडाची वीज माणसाऐवजीं त्या वाटेनें जावी. ही दांडी भोकांत जात नाहीं म्हणून तोडून टाकणें किंवा दोन दांड्यांच्या प्लगवर इस्त्री चालविणें म्हणजे दाराची कडी काढून चोरास आमंत्रण देणें होय. पाणी तापविण्याची विजेची सळई बादलींत असतां पाणी कितपत तापलें हें बोट बुडवून पाहूं नये. आधीं बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. स्नानास बसण्यापूर्वीं गीझर बंद करावा. कपडे वाळत घालण्यास धातूची तार न बांधतां सुताची किंवा नायलॉनची दोरी बांधावी. तारेचें एक टोंक पत्र्याच्या छपरास वा विजेच्या खांबास बांधलेलें, वाऱ्यानें घरांत येणाऱ्या तारेचें वेष्टन घासून गेलेलें, आणि त्या तारेवर ओलें लुगडें टाकणारी गृहिणी. इतक्या साध्या गोष्टींनीं अनर्थ होतो.

आणि असा अनर्थ एकावर थांबत नाहीं, हीच यांतील अत्यंत दुःखाची गोष्ट. आई तारेला चिकटलेली दिसते, मुलगा धांवत जाऊन तिला धरतो. त्याला सोडविण्यास बाप धांवतो. फ्रान्सांत १७४६ सालीं आबे नोले यानें राजा पंधरावा लुई याच्यासमोर एकमेकांचे हात धरून उभ्या केलेल्या १८० सैनिकांतून विजेचा झटका सोडला, तेव्हां ते सारेच्या सारे एकाच क्षणीं उडाले. राजसभेंत तो करमणुकीचा प्रयोग होता. घरांत तीच सांखळी प्राणघातक होते. स्पर्शानें जोडलेला प्रत्येक देह विजेला एकच देह वाटतो. तेव्हां घरांतील प्रत्येकाच्या मनावर हें बिंबवावें कीं विजेला चिकटलेल्या माणसास हात लावणें म्हणजे त्याला वांचविणें नव्हे. माया कितीहि दाटून आली तरी पहिली धांव त्या माणसाकडे न घेतां मुख्य बटणाकडे घ्यावी.

मुख्य बटण बंद करावें किंवा प्लग ओढून काढावा. तें जवळ नसेल तर कोरड्या लांकडावर, प्लास्टिकच्या पाटावर अथवा वर्तमानपत्रांच्या जाड कोरड्या गठ्ठ्यावर उभें राहून कोरड्या लांकडी काठीनें तार दूर सारावी. ओली काठी, लोखंडी सळई, ओला टॉवेल वापरूं नये. तुटून पडलेली तार रस्त्यावरची, उच्च दाबाची असेल तर हाहि उपाय करूं नये. निदान दहा मीटर दूर राहून वीज-कचेरीस व ११२ या क्रमांकास कळवावें. अशा तारेच्या आसपास जमिनींतहि वीज पसरलेली असते, आणि दोन पावलांत जितकें अंतर जास्त तितका त्यांच्यामधला दाब अधिक. म्हणून तेथून निघतांना पाय न उचलतां, जवळ जवळ ठेवून सरपटत निघावें. गुरांचे पुढचे व मागचे पाय दूर असतात व मध्यें हृदय असतें, म्हणूनच अशा जागीं माणूस वांचतो आणि बैल पडतो.

वीज तुटली, माणूस मोकळा झाला, पण निपचित पडला आहे. येथेंच पुष्कळदां घात होतो. "गेला" असें समजून रडारड सुरू होते. कांहीं ठिकाणीं तर "अंगांतील वीज उतरावी" म्हणून त्यास वाळूंत वा मातींत पुरून ठेवतात. स्पर्श सुटल्यावर देहांत वीज मुळींच उरत नाहीं; उतरावयाचें असें कांहीं नसतेंच. त्यास शिवण्यांत भय नाहीं, आणि मातींत घालवलेलीं तीं मिनिटें मात्र त्याच्या आयुष्यांतून वजा होतात. तो मेलेला असेलच असें नाहीं. त्याचें हृदय कदाचित् केवळ थरथरत असेल.

अशा हृदयास चालवितां येतें, हा शोधहि विजेच्या धक्क्याच्याच अभ्यासांतून निघाला. जिनीव्हा येथील प्रेव्हो व बातेली यांनीं १८९९ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविलें होतें कीं अल्प विजेनें सुरू झालेली हृदयाची थरथर अधिक जोराच्या झटक्यानें थांबवितां येते. म्हणजे विषावर विषाचाच उतारा! अमेरिकेंतील क्लॉड बेक यांनीं १९४७ सालीं शस्त्रक्रिया चालू असतां एका मुलाच्या थरथरत्या हृदयास असा झटका देऊन त्यास वांचविलें. पुढें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत विल्यम कोवेनहोव्हेन व त्यांचे सहकारी या उपकरणावर काम करीत होते. कोवेनहोव्हेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत्-अभियंते होते. तारांवर काम करणारे मजूर धक्क्यानें मरतात म्हणून ते या अभ्यासाकडे वळले होते. १९५८ सालीं त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानांत आलें कीं उपकरणाच्या जड चकत्या कुत्र्याच्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्ताचा दाब वाढतो. त्यांतून छाती दाबून रक्त फिरतें ठेवण्याची रीति निघाली, आणि १९६० सालीं ती त्यांनीं प्रसिद्ध केली. तिला ना यंत्र लागतें ना औषध. दोन हात पुरतात.

ती रीति अशी. रोग्यास हांक मारावी, खांदा हलवावा. उत्तर नाहीं आणि श्वास नाहीं, किंवा नुसते आंचके आहेत, तर दुसऱ्या कोणास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयास सांगून आपण लगेच कामास लागावें. त्यास कठीण जमिनीवर उताणें निजवावें. छातीच्या मध्यभागीं हाताचा तळवा, त्यावर दुसरा तळवा ठेवून, कोंपर ताठ धरून, छाती पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावी व पूर्ण वर येऊं द्यावी. मिनिटास शंभर ते एकशें वीस वेळां, न थांबतां. शिकलेला माणूस असेल तर दर तीस दाबांनंतर तोंडानें दोन श्वास द्यावे. न शिकलेल्यानें नुसतें दाबीत राहावें. बरगडी मोडेल म्हणून हात आंखडूं नये; मोडलेली बरगडी सांधते. मदत न मिळालेल्या प्रत्येक मिनिटागणिक वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहानें घटते असें सांगतात. आकाशांतील विजेच्या तडाख्यांत तर पुष्कळदां हृदय आपण होऊन पुन्हां चालूं लागतें, पण श्वास बंदच राहतो. तेथें दिलेले श्वासच तारक होतात. म्हणून वीज पडून अनेकजण घायाळ झाले असतां प्रथम ओरडणाऱ्याकडे न जातां निपचित पडलेल्याकडे जावें.

जो उठून बसला व बोलूं लागला त्यासहि सर्वस्वीं मोकळा समजूं नये. क्षणभर शुद्ध गेली असेल, छातींत धडधड वा दुखणें असेल, भाजल्याची खूण असेल, उच्च दाबाची तार असेल, किंवा ती व्यक्ति गर्भवती वा हृदयविकारी असेल, तर त्याच दिवशीं इस्पितळांत हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

भगिनींना माझें उत्तर एवढेंच. दैवाचा भाग यांत थोडा. ओला हात, अनवाणी पाय, तुटकें अर्थिंग आणि गेलेला वेळ यांचा भाग फार मोठा, आणि हे चारहि आपल्या स्वाधीन आहेत. हा अंक खालीं ठेवतांच घरांतील मुलांपासून आजीपर्यंत सर्वांना मुख्य बटणापाशीं न्यावें आणि प्रत्येकाच्या हातून तें एकदां बंद-चालू करवून घ्यावें. तें उंचावर असेल तर खालीं एक लांकडी पाट कायमचा ठेवावा. त्यापुढें कपाटें, खोकीं रचलीं असतील तर तीं आजच हलवावीं. मग कपडे धुण्याच्या यंत्रासाठीं तारकाम्यास निरोप पाठवावा, आणि तो येऊन जाईपर्यंत धुणें हातानेंच करावें.